फुकटचा तंबू, कुणाचा हंडा?

गेल्या डिसेंबरात आमच्या वाघोलीच्या गटाची सहल निघाली. येताना गाडीत कडाक्याचं भांडण झालं. त्या भांडणातून या अंकाचं संपादकीय निघालं आहे. सहल आणि भांडण या दोन्ही गोष्टी आपल्या गटांना नव्या नाहीत. पण हे भांडण दोन अशा बायांच्या बाजूंचं होतं की ज्या एकमेकींना फक्त एक रात्र भेटल्या होत्या, दोघीही कष्टकरी होत्या आणि दोघींचंही म्हणणं खरं होतं. मी समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं, पंधराएक वर्षं वस्तीपातळीवर काम केलं. तरी त्या गाडीत निवाडा मला देता आला नाही. म्हणून तो प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवते आहे.

आधी थोडं आमच्याविषयी. वाघोली म्हणजे पुणे-नगर रस्त्यावरचं गाव. २०२१ मध्ये ते महापालिकेत गेलं. गावाच्या नावात वाघ आहे, गावात वाघेश्वराचं जुनं देऊळ आहे. पण आता इथे दिसतात ते डंपर, उंच सोसायट्या, कॉलेजांची होस्टेलं आणि दगडखाणी. आमच्या गटात खाणीवर राबलेल्या बायका आहेत, सोसायट्यांतून धुणीभांडी करणाऱ्या आहेत, दोन अंगणवाडी मदतनीस आहेत, होस्टेलवर राहणाऱ्या तीन मुलीही आहेत. सहलीचा विषय निघाला तेव्हा मी एक साधा प्रश्न विचारला, की घराबाहेर रात्र काढली आहे का? एकोणीसपैकी बाराजणी म्हणाल्या, बाळंतपण, लग्न आणि मयत सोडून कधीच नाही. मजेसाठी, स्वतःच्या मर्जीने, एक रात्रही नाही.

मग आम्ही चौकशी सुरू केली. एका रिसॉर्टला फोन केला. माणशी अठराशे रुपये, गाडीभाडं वेगळं. फोन ठेवला. होस्टेलवरची एक मुलगी म्हणाली, "ताई, एवढे पैसे कशाला? कॉलेजची मुलं दर शनिवारी रात्री इथूनच नगर रस्त्यावरून गाड्या करून जातात. तंबू भाड्याने घ्यायचे, गडाच्या पायथ्याशी ठोकायचे. जागा फुकट असते." फुकट हा शब्द ऐकून सगळ्यांचे चेहरे उजळले. हरिश्चंद्रगड ठरला. गडावर चढायचं नाही, पायथ्याच्या एका गावाजवळच्या माळावर उतरायचं आणि रात्रभर चांदणं बघायचं.

गेलो. उन्हं उतरताना तंबू उभे राहिले. बायकांचं हसणं बघून मलाच भरून आलं. तेवढ्यात वरच्या घरातून एक बाई आली. पन्नाशीची असेल. कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "किती जणी हायेत? पाणी कुठलं वापरनार?" आम्ही म्हटलं, गावात असेलच ना मावशी. ती म्हणाली, "माळ फुकट हाय, बाई. पाणी फुकट नाय. ते माज्या डोक्यावरनं येतं."

त्या संध्याकाळी आम्ही तिच्या हंड्याला हात लावला. म्हणजे दोन-दोन जणी तिच्यासोबत विहिरीवर गेलो. वर चढून येताना आमच्या खाणीतल्या बायका दमल्या नाहीत, मी आणि होस्टेलच्या मुली दमलो. डिसेंबरात ही अवस्था, मग मे महिन्यात? आणि मे-जून म्हणजे तर काजव्यांचे दिवस. भंडारदरा, घाटघर, रतनवाडीपासून या सगळ्या पट्ट्यात सादडा-हिरड्याची झाडं काजव्यांनी लखलखतात आणि मुंबई, पुणे, नाशिक इथून गर्दी लोटते. विहिरी आटण्याचे दिवस आणि पाहुणे येण्याचे दिवस नेमके एकच. पाहुणा अंघोळ मागतो, हात धुतो, भांडी धुतो, सकाळी बाटली घेऊन झाडीत जातो. ते पाणी कुणी आणलं हे त्याच्या मनातही येत नाही.

रात्री मावशीच्या चुलीपुढे बसून गप्पा झाल्या. तिच्याकडून कळलेली हकीगत थोडक्यात सांगते. कारण पर्यटनाचं अर्थकारण मला तिथे जेवढं समजलं, तेवढं कुठल्या अहवालातून समजलं नव्हतं.

सुरुवातीला तुरळक ट्रेकर यायचे. त्यांच्याजवळ तंबू नसायचे. मावशीच्या पडवीत झोपायचे, पिठलं-भाकरी खायचे, निघताना पैसे हातावर ठेवायचे. मावशी ते पैसे कनवटीला लावायची. त्यातून मुलीची बारावीची फी भरली, एक शेळी घेतली. दुसऱ्या टप्प्यात तंबूवाले आले. शहरातला आयोजक पन्नास-साठ जणांची गाडी घेऊन येतो. तंबू त्याचे, आचारी त्याचा, कांदेपोह्यांचे पोहेसुद्धा शहरातून आणलेले. पैसे शहरातच भरून झालेले असतात. गावाच्या वाट्याला काय येतं? माळ, पाणी, सरपण आणि सकाळी उरलेला कचरा. तिसऱ्या टप्प्यात गावातल्या पोरांनीच तंबू घेतले. हे बरं झालं. पण त्याच सुमारास मोबाईलवरून पैसे द्यायची पद्धत आली आणि मावशीच्या पडवीच्या खांबावर चौकटीचा तो कागद लागला. कागद मुलाच्या खात्याचा. "आता पैका दिसतच नाय," मावशी म्हणाली. "निसती पिपाणी वाजते." भाकरी तिची, धूर तिच्या डोळ्यात, पैसे मुलाच्या खात्यात. मुलगा वाईट नाही. आईने मागितले तर देतो. पण मागावे लागतात. आधी मागावे लागत नव्हते.

आणि चौथा टप्पा म्हणजे बंदीचा. एका हंगामात वरून हुकूम आला की रात्रीचा मुक्काम बंद. कुणी, का, किती दिवस, हे गावात नीट कुणालाच ठाऊक नव्हतं. मावशीने उधारीवर भरलेलं पीठ आणि बेसन घरात पडून राहिलं. त्याच आठवड्यात मुख्य रस्त्याला लागून असलेली मोठी हॉटेलं मात्र भरलेली होती, असं ती सांगते.

आता गाडीतलं भांडण. मी म्हटलं, पुढच्या वेळी आपण मुक्कामाचे पैसे आधीच ठरवून देऊ. फुकट राहणं बरोबर नाही. त्यावर आमची खाणीतली सखी उसळली. तिचं म्हणणं असं: "पैशे लावले की आपलं येनं बंद. आज वीस रुपये म्हनतील, उद्या दोनशे. मग ज्याच्याजवळ पैसा त्याचंच रान. चांदनं बघायला बी तिकीट काढायचं का?" दुसरी म्हणाली, "आणि त्या मावशीनं काय फुकट राबायचं?" झालं. चाकण येईपर्यंत गाडी दोन भागांत वाटली गेली होती.

मैत्रिणींनो, माझ्या मते प्रश्नाची मांडणीच इथे चुकते. 'फुकट की पैसे देऊन' असा प्रश्न विचारला की एक गरीब बाई दुसऱ्या गरीब बाईच्या विरोधात उभी राहते. विचारायला हवं ते हे, की मुक्कामाचे नियम कोण ठरवतं, पैसे कुणाच्या हातात पडतात आणि न मोजलेले कष्ट कुणाचे असतात? हे तीन प्रश्न विचारले की सखी आणि मावशी एका बाजूला येतात.

आधी कायदा समजून घेऊ. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यानात हवा तिथे फुकट तंबू ठोकण्याची पद्धत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात शिरायला परवाना लागतो, त्याला शुल्क असतं आणि जंगलाला धोका होईल अशी आग पेटवणं हा गुन्हा आहे. ताडोबासारख्या ठिकाणी गाडी, गाइड आणि वेळ ठरलेली असते आणि अंधार पडायच्या आत बाहेर पडावं लागतं. पण सह्याद्रीत चित्र वेगळं आहे. १९८५ चं भीमाशंकर अभयारण्य किंवा १९८६ चं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य घ्या. इथे आत आणि काठावर गावं आहेत, देवळं आहेत, किल्ले आहेत, वाटा शेकडो वर्षांच्या आहेत. सगळीकडे फाटक बसवता येत नाही. त्यामुळे इथे धोरण लिहिलेलं एक आणि चाललेलं दुसरं. कधी तंबूंना कुणी हटकत नाही, कधी नाममात्र पावती फाडतात, कधी एकदम बंदी येते. या अनिश्चिततेची सर्वांत मोठी किंमत ज्याचं भांडवल सर्वांत कमी आहे त्याला मोजावी लागते. म्हणजे चुलीपुढच्या बाईला.

कारण नीट पाहा. दिवसा येणारा पाहुणा गावात काय देतो? एक चहा, फार तर भजी. गावाला खरं उत्पन्न मिळतं ते मुक्कामाचं. संध्याकाळचा चहा, रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता, पांघरूण, तंबूचं भाडं, वाट दाखवणारा. म्हणून मुक्कामाचे नियम हा जंगलखात्याचा किरकोळ विषय नाही, तो त्या भागाच्या पोटापाण्याचा विषय आहे. मुक्काम मोकळा सोडला तर माणसं खूप येतात, पण त्यांचा पैसा शहरातल्या आयोजकाकडे जाऊ शकतो. मुक्काम बंद केला तर पाहुणे नाहीसे होत नाहीत, ते हद्दीबाहेरच्या हॉटेलात जातात. हॉटेल कुणाचं? ज्याच्याकडे रस्त्याला लागून जमीन आहे त्याचं. सातबारा कुणाच्या नावावर असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणजे मोकळीक असो की बंदी, दोन्हीकडे बाईच्या हातातून पैसा निसटतो. मोकळीक असताना तिचं पाणी आणि सरपण जातं, बंदी असताना तिचं गिऱ्हाईक जातं.

हे फक्त आपल्याच डोंगरात घडतं असं नाही. उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये हिमालयातल्या उंच गवताळ कुरणांवर, म्हणजे बुग्यालांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि तिथे जाणाऱ्या पर्यटकांची संख्या दोनशेवर आणली. कुरणांची नासाडी होत होती, प्लास्टिक साचत होतं, हे खरंच होतं. पण एका निकालाने रूपकुंडच्या वाटेवरच्या गावांतले हमाल, खेचरवाले, वाटाडे, स्वयंपाकी यांचा रोजगार बसला. अली-बेदनीची ही कुरणं चमोली जिल्ह्यातली. १९७४ मध्ये याच जिल्ह्यात रेणी गावात गौरादेवी आणि तिच्या सोबतिणींनी झाडांना कवटाळून ठेकेदाराची माणसं परत पाठवली होती. ज्या जिल्ह्यातल्या बायांनी देशाला जंगल राखायला शिकवलं, तिथेही जंगलाचे नियम शेवटी दूरवर ठरले.

परदेशात उलट्या दिशेची उदाहरणं आहेत. स्वीडनमध्ये माणसाला रानात हिंडण्याचा, कुणाच्या घरापासून दूर एखादी रात्र तंबू ठोकण्याचा हक्क परंपरेनेच आहे, मात्र राष्ट्रीय उद्यानांत वेगळे, कडक नियम लागू होतात. स्कॉटलंडने २००३ मध्ये कायदा करून जबाबदारीने हिंडण्या-राहण्याचा हक्क दिला. पण लॉक लोमंड या तलावाकाठच्या राष्ट्रीय उद्यानात गर्दी, दारू आणि कचरा इतका वाढला, की २०१७ पासून गर्दीच्या मोसमात काठावरच्या ठराविक पट्ट्यांत परवाना आणि थोडं शुल्क आलं. इंग्लंडमध्ये डार्टमूर या उद्यानात एका जमीनदाराने तंबूच्या हक्काला आव्हान दिलं होतं. मे २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लोकांचा हक्क कायम ठेवला. आमची खाणीतली सखी म्हणते ते हेच, की चांदण्यावर कुणाची मालकी नको. मला ते पूर्णपणे पटतं. बायकांच्या बाबतीत तर दुप्पट पटतं. रात्र आणि रान या दोन्ही गोष्टी आपल्याला पिढ्यानपिढ्या नाकारल्या गेल्या. उघड्यावर निर्धास्त झोपणं ही चैन नाही, तो आपल्या मुक्तीचाच एक भाग आहे. पण स्वीडनच्या माळावर कुणा मावशीला डोक्यावरून पाणी आणावं लागत नाही, हेही विसरायला नको. मोकळ्या मुक्कामाचा हक्क आपल्याकडे आणायचा तर त्याच्यासोबत हंड्याचा हिशेबही आणावा लागेल.

आणखी एका गोष्टीवर बोलायला हवं. मोकळ्या तंबूंच्या जागी रात्री दारू येते, स्पीकर येतो, शेकोटीसाठी तोडलेली लाकडं येतात. काजवे प्रकाशाच्या खुणांनी जोडीदार शोधतात. त्यांच्या झाडाखाली गाड्यांचे दिवे आणि मोठ्या शेकोट्या लागल्या तर त्यांची वीणच धोक्यात येते. काजवे गेले की पाहुणे गेले, पाहुणे गेले की मावशीचं पीठही घरात पडून राहणार. पण दारूचा त्रास त्याहून तातडीचा आहे. पायथ्याच्या गावातल्या मुली आणि सुना शनिवार-रविवारी पहाटे झाडीकडे जायला घाबरतात. शौचालय असलं तरी पाणी पाहुण्यांनी संपवलेलं असतं. सरपणाला जायचं तर वाटेवर अनोळखी पोरांचे तंबू. ही कुचंबणा कुठल्याही पर्यटन आराखड्यात लिहिलेली नसते. कारण आराखडा करणाऱ्यांना गावात बाया विचारतच नाहीत. बैठकीत बोलतात ते सरपंच, हॉटेलवाले आणि गाडीवाले.

बंदीच्या बाबतीतही असंच. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्ह्यात पावसाळी ठिकाणी प्रतिबंधाचे हुकूम निघाले. जीव वाचवण्यासाठी हुकूम लागतो, त्याला आपला विरोध असण्याचं कारण नाही. पण रस्त्याकडेला कणीस भाजणाऱ्या, भजी तळणाऱ्या, चिंचा-करवंदं विकणाऱ्या बाईचा हंगाम किती दिवसांचा असतो? जेमतेम अडीच-तीन महिन्यांचा. त्यातले पंधरा दिवस गेले तर वर्षाचं गणित चुकतं. कारखान्यात टाळेबंदी झाली तर निदान नुकसानभरपाईचा शब्द तरी निघतो. हिच्या बाबतीत तो शब्दही कुणाच्या तोंडी येत नाही. कारण ती 'व्यवसाय' करते असं कुणी मानतच नाही. ती नवऱ्याला मदत करते!

शासनाला बायका अगदीच दिसत नाहीत असं म्हणता येणार नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्राने 'आई' नावाचं महिला पर्यटन धोरण आणलं. महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला पंधरा लाखांपर्यंतच्या बँक कर्जावरच्या व्याजाचा परतावा देण्याची तरतूद त्यात आहे. चांगली गोष्ट आहे. पण बँक काय मागते? जागेचा कागद, नोंदणी, तारण. मावशीकडे आहे ती पडवी, आणि ती पडवीही सासऱ्याच्या नावावर. धोरणातली 'आई' आणि चुलीपुढची आई यांची गाठ पडत नाही. ती पाडणं हे आपलं, म्हणजे बाईच्या हातात अर्ज भरून देणाऱ्या कार्यकर्त्यांचं काम आहे.

मग वेगळं काही होऊ शकतं का? होऊ शकतं. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या बायका होड्या वल्हवत पाहुण्यांना खारफुटी दाखवतात. घराघरांतून मासे विकणाऱ्या, संसार सांभाळणाऱ्या बायका खाडीच्या जाणकार म्हणून उभ्या राहिल्या. होडी त्यांच्या हातात, माहिती त्यांच्या तोंडी आणि पैसे गटाकडे. ताडोबात काही बाया गाइड म्हणून काम करतात. ज्या जंगलात सरपणाला गेल्या तर हटकलं जायचं, त्याच जंगलात गणवेश घालून पाहुण्यांना वाघाच्या पावलांचे ठसे दाखवतात. व्याघ्रप्रकल्पात जमा होणारं पर्यटनाचं शुल्क प्रतिष्ठानामार्फत संवर्धनाकडे आणि स्थानिकांकडे वळवण्याची सोय कायद्यात आहे. म्हणजे शुल्क घ्यायचं आणि ते गावाकडे आणायचं, ही वाट आपल्याकडे नवी नाही. ती वाट बाईच्या उंबऱ्यापर्यंत आणायची आहे.

त्यासाठी एक मोठं हत्यार आपल्या हातात आहे. २००६ चा वनहक्क कायदा अभयारण्याला आणि राष्ट्रीय उद्यानालाही लागू आहे. त्यात जोडप्याचा हक्क दोघांच्या नावावर लावायचा आहे. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बाया असायला हव्यात आणि या हक्कांच्या ग्रामसभेत हजर असलेल्यांमध्येही किमान एक तृतीयांश बाया हव्यात, तरच सभा वैध. ज्या गावांनी सामूहिक वनहक्क मिळवले आहेत, त्या गावांत जंगल कसं राखायचं हे ठरवण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे. मग तंबू किती, कुठे, कधी, याची चर्चा त्याच सभेत का होऊ नये? आणि ती चर्चा बायांच्या सह्या नुसत्या कागदावर घेऊन नाही, त्यांना बोलू देऊन व्हायला हवी.

म्हणून आमच्या गटाच्या चर्चेतून पुढे आलेल्या मागण्या इथे मांडते आहे. त्या अंतिम नाहीत.

एक, सरसकट मोकळीक नको आणि सरसकट बंदीही नको. जागेला आणि पाण्याला झेपतील तेवढेच तंबू असावेत आणि तो आकडा गावातल्या बायांना विचारून ठरावा. किती हंडे पाणी आहे ते त्यांनाच ठाऊक असतं.

दोन, शुल्क कमी असावं आणि शाळा, बचत गट, कष्टकऱ्यांचे गट यांना सवलत असावी. कुणाही बाईला पैशांअभावी चांदण्याला मुकावं लागू नये. शहरातून साठ माणसं आणणाऱ्या आयोजकाकडून मात्र वेगळ्या दराने शुल्क घ्यावं. जेवण-पाण्याची सोय गावातल्या गटाकडूनच घेण्याची अट त्याच्यावर असावी.

तीन, जमा होणारं शुल्क आणि जेवणाचे पैसे बायांच्या गटाच्या खात्यात यावेत. पडवीच्या खांबावरचा तो कागद जिची भाकरी तिच्या खात्याचा असावा. ही मागणी मावशीची आहे, माझी नाही.

चार, तंबूच्या आधी पाणी आणि शौचालय. हे नसेल तिथे मुक्काम नको.

पाच, बंदी आणायचीच असेल तर आगाऊ सूचना, ठरलेली मुदत आणि हंगाम बुडालेल्या बायांना भरपाई.

आणि शेवटी आपल्यासाठी, शहरातून जाणाऱ्या गटांसाठी. आपण स्वतःला चळवळीच्या म्हणवतो, तेव्हा आपली सहलसुद्धा तपासून पाहिली पाहिजे. शिधा शहरातून नेऊन पैसे वाचवायचे, की गावात जेवून तिथे सोडायचे? शेकोटीचं लाकूड कुणी वेचलं? कचरा परत आणला का? पैसे देताना ते कुणाच्या हातात दिले? मी कबूल करते, त्या डिसेंबरात आम्हीही तांदूळ, डाळ आणि बटाटे वाघोलीहूनच नेले होते. मावशीकडून आम्ही भाकऱ्या विकत घेतल्या, त्याही फक्त सकाळच्या. तिला पैसे दिले ते खांबावरच्या कागदावरच. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

फेब्रुवारीत गटाची बैठक झाली. खाणीतल्या सखीने स्वतःच विषय काढला. म्हणाली, "मी लई इचार केला. खडी फोडताना ठेकेदार म्हनायचा, दगड तर फुकटचा हाय. दगड फुकटचा, पर फोडनारी फुकटची नव्हं. तसंच त्या मावशीचं हाय." मग गटाने ठरवलं, की पुढच्या सहलीसाठी आतापासून माणशी महिन्याला पन्नास रुपये बाजूला टाकायचे. जेवण मावशीकडे, पाणी सगळ्यांनी मिळून आणायचं आणि रोख रक्कम तिच्या हातात. तिला फोन करून सांगितलं, तर म्हणाली, "या की. पन मे मध्ये नका येऊ, पानी नसतंय."

एवढं साधं वाक्य कुठल्याही धोरणात मला सापडलं नाही.

तुमच्या भागात काय चित्र आहे? तोरणमाळ असो, आंबोली असो, मेळघाट असो की पवनेचा काठ, तिथल्या तंबूंच्या, निवासांच्या, बंदीच्या हुकमांच्या गोष्टी बायांच्या तोंडून ऐका आणि आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात त्यांना जागा ठेवली आहे. तिथे राबणाऱ्या बायांना स्वतः लिहिता येत नसेल तर त्यांच्या बोलीत, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. सुधारू नका.